वस्तीचं शौचालय वस्तीनेच चालवायचं तर: मोजणीपासून टाकीपर्यंत

मुंबईत वस्तीसाठी शौचालय मंजूर करून घेणं अवघड, आणि तेच शौचालय तिसऱ्या वर्षी चालू स्थितीत ठेवणं त्याहून अवघड. उद्घाटनाला नारळ फोडायला सगळे येतात. लाईट बिल कोणाच्या नावावर आहे हे कनेक्शन कापल्यावर कळतं. मग दारं तुटतात, पाणी बंद होतं, निम्म्या सीट तुंबतात आणि बायका पुन्हा अंधार पडायची वाट पाहू लागतात.

वस्तीनेच शौचालय चालवायचं ही कल्पना शहराला नवीन नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून, जागतिक बँकेचं कर्ज असलेल्या मलनिस्सारण प्रकल्पाचा भाग म्हणून, महापालिकेने वस्ती स्वच्छता कार्यक्रम राबवला. बांधकामाचा खर्च महापालिकेचा आणि रोजची देखभाल वस्तीतल्या नोंदणीकृत संस्थेची, अशी ती रचना. स्पार्क ही संस्था, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन ही वस्तीवाल्यांची संघटना आणि भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांतून १९८६ साली उभं राहिलेलं महिला मिलन यांनी या कामात मोठा वाटा उचलला. काही शौचालयं चांगली चालली, काही वर्षभरात बसली. फरक बहुतेक वेळा एकाच जागी सापडतो. पैसा, किल्ली आणि हिशेबाची वही एकाच माणसाच्या हातात गेली की शौचालय त्या माणसाचं होतं. म्हणून खालची सगळी कामं करताना या तीन गोष्टी तीन हातांत कशा राहतील, एवढं आधी बघायचं.

आधी मोजणी, मग मागणी

वॉर्ड ऑफिसला अर्ज करण्याआधी घरोघर जाऊन मोजणी करा. गल्लीनिहाय दोन-दोन जणांची जोडी पाठवा, त्यात एक बाई हवीच, कारण संडासाला कुठे जाता हे परक्या पुरुषाला कोणी खरं सांगत नाही. प्रत्येक घराचे पाच प्रश्न पुरतात: माणसं किती, त्यात बायका आणि दहा वर्षांखालची मुलं किती, घर स्वतःचं की भाड्याचं, सध्या कुठे जाता, घरात आजारी किंवा चालता न येणारं कोणी आहे का. पोटमाळ्यावरची भाडेकरू कुटुंबं वेगळी नोंदवा. घरमालक त्यांना मोजत नाही आणि पुढे पास (पैसे भरून घ्यायचं वापराचं कार्ड) देताना नेमकी तीच सुटतात, भांडणही तिथूनच सुरू होतं.

सीट किती लागतील? स्वच्छ भारत अभियानाच्या निकषात सामुदायिक शौचालयासाठी ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक सीट धरली आहे. मुंबईच्या वस्ती स्वच्छता कार्यक्रमात ५० माणसांमागे एक असा हिशेब होता. म्हणजे हजार माणसांच्या वस्तीला, निम्म्या बायका धरल्या तर, नव्या निकषाने १५ आणि २० मिळून ३५ सीट लागतात आणि जुन्या हिशेबाने २०. हा फरक कागदावरचा नाही. सकाळी सहा ते नऊ हे तीन तास खरे. एका माणसाला पाणी टाकून बाहेर येईपर्यंत सहा मिनिटं धरली तर एका सीटवर तीन तासांत ३० जण होतात. बाईला साडी, बादली, सोबतचं मूल, पाळीचे दिवस यामुळे जास्त वेळ लागतो. म्हणून पुरुष आणि बायका दोघांना सारख्याच सीट देणं दिसायला समान असलं तरी बायकांची रांग लांबच राहते. नकाशा हातात आला की पहिली हरकत हीच घ्या.

लहान मुलांसाठी वेगळी जागा मागा: छोटी भांडी, खाली खोल भोक नसलेली, धरायला दांडी. मोठ्यांच्या रांगेत मुलांना मागे ढकललं जातं आणि मग ती गटाराच्या कडेला बसतात. बायकांच्या आणि पुरुषांच्या बाजूला प्रत्येकी एक कमोड, भिंतीला दांडी आणि आत शिरताना पायरीऐवजी उतार, हेही बांधकाम सुरू होण्यापूर्वी लिहून घ्या. नंतर हे कोणी करत नाही.

इमारत कोणाची, जमीन कोणाची

आधीच उभं असलेलं शौचालय ताब्यात घेत असाल तर भिंतीवरची पाटी वाचा. महापालिकेने बांधलं, म्हाडाने बांधलं की आमदार-खासदार निधीतून झालं, यावर दुरुस्ती कोणाकडे मागायची ते ठरतं. आमदार निधीतली कित्येक शौचालयं बांधून झाल्यावर कोणाकडे रीतसर सोपवलीच गेली नाहीत. तिथे महापालिका म्हणते आमचं नाही, म्हाडा म्हणते बांधून दिलं, आणि मधल्या काळात गल्लीतला एखादा दादा गल्ला मांडून बसतो. अशा ठिकाणी पहिलं काम म्हणजे हस्तांतरणाचं पत्र मिळवणं. ते नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून कामाचा आदेश आणि हस्तांतरणाची नोंद मागवा.

जमीन महापालिकेची, जिल्हाधिकाऱ्यांची, रेल्वेची, वन खात्याची की खासगी, हेही पाहा. रेल्वे किंवा वन खात्याच्या जमिनीवर ना-हरकत पत्राशिवाय नवं पक्कं बांधकाम होत नाही. तिथे सध्याच्या इमारतीची दुरुस्ती मागणं जास्त शहाणपणाचं.

महापालिकेबरोबरच्या करारात दोन ओळी शोधा. इमारतीची मोठी दुरुस्ती (स्लॅब, टाकी, ड्रेनेज लाईन) कोण करणार, आणि कराराची मुदत कधी संपते. मुदत संपलेली असताना पैसे गोळा करणं हे विरोधकाच्या हातात दिलेलं आयतं कोलीत असतं. मुदत संपायच्या सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्या आणि पोचपावतीची प्रत फाईलला लावा.

संस्था: सात माणसं आणि एक विसरला जाणारा कागद

महाराष्ट्रात अशी संस्था साधारणपणे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवली जाते. किमान सात सदस्य लागतात. ते सातही एका गल्लीचे, एका पक्षाचे किंवा एका घरातले नकोत. निम्म्याहून जास्त बायका असाव्यात आणि सही करणाऱ्यांत त्या असाव्यात. केवळ यादीत नाव घालून काही होत नाही. एखादा भाडेकरू समितीत असेल तर पासचे अर्धे तंटे तिथेच मिटतात.

समिती बदलली की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अहवाल दाखल करावा लागतो. मुंबईतल्या कितीतरी वस्ती संस्था इथेच अडकल्या आहेत. निवडणूक झाली, हार घातले, पण बदल अहवाल दिला नाही. मग कागदोपत्री जुनेच अध्यक्ष, बँकेत जुन्याच सह्या, आणि खातं गोठलं. निवडणुकीच्या सभेतच बदल अहवालाची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून टाका. दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचा आणि दाखल करायचा, हे काम तुलनेने सोपं आहे, पण चुकलं की तेही साचत जातं.

बँक खातं तीन सह्यांचं ठेवा, त्यातल्या कोणत्याही दोन चालतील. तिघं एकमेकांचे नातेवाईक नसावेत. गल्ल्याची चावी केअरटेकरकडे, पावती पुस्तक खजिनदाराकडे, पासबुक सचिवाकडे. आठवड्यातून दोनदा रोकड मोजून बँकेत भरायची आणि मोजताना किमान दोघं हजर हवेत.

दर ठरवायचा तो खर्चावरून

बहुतेक ठिकाणी आधी "पासला शंभर रुपये घेऊ" असं ठरतं आणि मग खर्च त्यात कोंबला जातो. उलट करा. खाली २०० कुटुंबांच्या, २० सीटच्या शौचालयाच्या महिन्याच्या खर्चाचा नमुना आहे, रुपयांत. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, स्वतःचे भरा.

पूर्णवेळ केअरटेकर १६,०००
अर्धवेळ सफाई कामगार ९,०००
वीज २,०००
पाणी १,५००
सफाईचं सामान २,०००
दुरुस्ती निधी २,०००
टाकी उपसा निधी १,५००
एकूण ३४,०००

बाजारातले विक्रेते, रिक्षावाले, येणारे-जाणारे असे रोज ४० जण पाच रुपये देत असतील तर महिन्याला ६,००० येतात. उरले २८,०००. आता दोनशेही कुटुंबं दर महिन्याला पैसे देतील असं धरू नका. वसुली ८० टक्के धरा, म्हणजे १६० कुटुंबं. २८,००० भागिले १६० म्हणजे पास महिन्याला १७५ रुपयांचा. १०० रुपयांचा पास ठेवला असता तर महिन्याला १२,००० कमी पडले असते, आणि ही तूट पहिल्यांदा निघते ती शेवटच्या दोन ओळींतून. दुरुस्तीचे आणि टाकीचे पैसे आज वापरले तरी काही दिसत नाही, म्हणूनच ते वेगळ्या खात्यात किंवा आवर्ती ठेवीत टाकावेत.

पगार ठरवताना किमान वेतनाचा चालू तक्ता पाहा. केअरटेकरला शौचालयावरची खोली राहायला दिली म्हणून पगार कापणं ही शहरभर चाललेली पद्धत आहे, आणि गल्ल्यातून पैसे सरकण्याचं सगळ्यात मोठं कारणही तीच. कमी पगाराचा माणूस आपला पगार स्वतः पूर्ण करून घेतो.

पास तिमाही द्या, दर तिमाहीला कार्डाचा रंग बदला, घराचा क्रमांक आणि माणसांची संख्या लिहा. एकट्या म्हाताऱ्या बाईला आणि सहा जणांच्या कुटुंबाला एकच दर लावला की कुरबुर होते. दोन दर ठेवा. मुलं, अपंग आणि ज्यांच्याकडे खरोखर पैसे नाहीत अशी घरं मोफत, पण ही यादी समितीच्या सभेत मंजूर झालेली असावी. केअरटेकरच्या मर्जीवर सोडली की तिचा बाजार होतो. बायकांच्या मुतारीला पैसे घेऊ नका. पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, या भेदाविरुद्ध मुंबईतल्या संघटनांनी राइट टू पी या नावाने २०११ पासून चळवळ केली आहे, आणि अजूनही हा भेद बऱ्याच ठिकाणी दिसतो.

महिना संपला की एका पानाचा हिशेब शौचालयाच्या बाहेरच्या भिंतीवर लावा: जमा, खर्च, शिल्लक, थकबाकी असलेल्या घरांची संख्या. नावं लावू नका. नावं लावली की हिशेबावरची चर्चा बाजूला राहते आणि अब्रूची सुरू होते. थकबाकीदाराकडे समितीतली त्याच गल्लीतली बाई जाऊन बोलली की काम होतं.

रोजची सफाई

सकाळी गर्दी व्हायच्या आत एकदा, साडेनऊच्या सुमारास एकदा आणि संध्याकाळी एकदा, अशा तीन वेळा सीट धुवायच्या. साडेनऊची फेरी सर्वांत महत्त्वाची, कारण तोवर प्रत्येक सीट वापरून झालेली असते, आणि तीच फेरी कंटाळ्याने चुकते. भिंतीवर सीटचे क्रमांक आणि वेळा असलेला तक्ता ठेवा, सही सफाई करणाऱ्याची आणि आठवड्यातून एकदा समितीतल्या कोणाची तरी.

ॲसिडचा मोह टाळा. डाग चटकन जातात हे खरं, पण लादीच्या फटींमधलं सिमेंट ॲसिड खातं, पाणी खाली मुरतं आणि दोन पावसाळ्यांत लाद्या हलू लागतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही ओतू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत माणूस गुदमरतो. रोजच्या वापराला साबणाची पावडर आणि ताठ ब्रश पुरतो. सेप्टिक टाकी असेल तर ब्लीच आणि फिनाईलही बेतानेच, नाहीतर मैला कुजवणारे जिवाणू मरतात आणि टाकी लवकर भरते.

बायकांच्या प्रत्येक खोलीत झाकणाचा डबा हवा. तो नसला की पॅड भांड्यात जातं आणि तुंबलेल्या लाईनमधून बाहेर येणारी पहिली गोष्ट तीच असते. डबा रोज रिकामा व्हायला हवा आणि तो रिकामा करणाऱ्याला हातमोजे मिळायला हवेत. कागदात गुंडाळलेलं पॅड वेगळ्या पिशवीतून कचरा गाडीला द्यायचं.

दाराची आतली कडी, दिवा आणि नळ यांची तपासणी दर शनिवारी. कडी साठ-सत्तर रुपयांची, पण ती तुटली की ती खोली बायकांच्या लेखी बंदच. कड्या, बल्ब, नळाचे वायसर आणि दोन पॅन साठ्यात ठेवा म्हणजे दुरुस्ती त्याच दिवशी होते. "सामान आणायचंय" हे उत्तर महिनाभर चालतं.

रात्री शौचालय बंद ठेवायचं की नाही यावर बायकांची वेगळी सभा घ्या. रात्री अकराला कुलूप लावणं केअरटेकरच्या सोयीचं आहे, पण पहाटे चारला कामाला निघणाऱ्या, आजारी असलेल्या बाईचं काय? एक मार्ग असा: रात्री बायकांच्या बाजूच्या दोनच सीट उघड्या, दारावर दिवा आणि केअरटेकर आवाजाच्या टप्प्यात.

पाणी

एका वापराला सात-आठ लिटर धरा. हजार माणसांना आठ हजार लिटर, वर सफाईचं हजारभर. मुंबईत पाणी काही तासच येतं आणि वस्तीच्या टोकाला दाब नसतो, म्हणून दिवसभराचा साठा जागेवरच हवा: जमिनीखाली एक टाकी, मोटर, वर एक टाकी. वरच्या टाकीत फ्लोट (टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता गोळा) बसवला नाही तर पाणी आणि वीज दोन्ही वाहून जातात. बोअर किंवा विहीर असेल तर धुण्यासाठी ते पाणी वापरा आणि महापालिकेचं हात धुण्याच्या नळाला ठेवा. दोन्हींचे पाईप एकमेकांना जोडू नका.

पाण्याच्या आणि विजेच्या बिलावर कोणत्या वर्गाचा दर लागला आहे तो वाचा. व्यावसायिक दर लागला असेल तर कराराची प्रत जोडून वर्ग बदलायचा अर्ज करा. वीज शहर भागात बेस्टची, उपनगरांत अदानी किंवा टाटाची आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरणची, तेव्हा अर्ज कुठे जातो ते बिलावरून बघा. मीटर बांधकाम करणाऱ्या कंत्राटदाराच्या नावावर राहिलं असेल तर ते आधी संस्थेच्या नावावर करून घ्या.

टाकी: इथे माणसं मरतात

शक्य असेल तिथे गटाराच्या मुख्य लाईनला जोडणी मागा. ती नसेल तर सेप्टिक टाकी, आणि तिची देखभाल ही या सगळ्या कामातली सर्वांत जोखमीची बाब.

टाकी किती भरली हे वासावरून ठरवू नये. लांब काठीच्या खालच्या भागाला पांढरं जाड कापड गुंडाळून ती झाकणातून तळापर्यंत सोडा, काही मिनिटं थांबा, हळू बाहेर काढा. कापडावर काळ्या गाळाची रेष दिसते. गाळ टाकीच्या खोलीच्या एक तृतीयांशावर गेला की उपसा करायची वेळ झाली. हे करताना झाकण आधीपासून उघडं ठेवायचं, वाकून आत बघायचं नाही आणि जवळपास बिडी-काडी पेटवायची नाही. टाकीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाईड साचतं. दुसऱ्या वायूचा सडक्या अंड्यासारखा वास जास्त प्रमाणात असताना येईनासा होतो, म्हणून "वास नाही, उतरतो" हे वाक्य जीव घेतं.

उपसा सक्शन टँकरनेच. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने माणसाला सुरक्षा साधनांविना टाकीत उतरवणं गुन्हा आहे. संस्थेने स्वस्तात कोणाला उतरवलं आणि काही झालं तर जबाबदारी संस्थेवर येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटार सफाईतल्या मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. गल्ली अरुंद असेल तर टँकरचा पाईप कुठवर पोहोचतो हे आधी मोजून ठेवा. बऱ्याच वस्त्यांत गाडी मुख्य रस्त्यावर उभी करून लांब पाईप टाकावा लागतो. वॉर्ड ऑफिसमध्ये लेखी मागणी आणि महापालिकेच्या १९१६ या फोन क्रमांकावर तक्रार, दोन्ही करा आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहा.

टाकीच्या वायूला वर जायला पाईप हवा, छपराच्या वर, टोकाला मच्छरदाणीची जाळी. हा पाईप तुटला किंवा कोणी बुजवला तर वायू खालीच राहतो. टाकीवरचा स्लॅब दर पावसाळ्याआधी तपासून घ्या: तडे, उघड्या पडलेल्या सळया, पाय ठेवल्यावर पोकळ आवाज. मानखुर्द आणि भांडुपमध्ये शौचालयाचा तळच टाकीत कोसळून माणसं दगावली आहेत. स्लॅबवर शंका आली तर त्या सीट ताबडतोब बंद करा, दोरी बांधा आणि महापालिकेच्या अभियंत्याकडून लेखी पाहणी मागा. रांग वाढेल, लोक शिव्या देतील, तरी उघडू नका.

भांडणं कुठून येतात

वरची खोली. केअरटेकरसाठी किंवा बालवाडीसाठी बांधलेली ही खोली हळूहळू कोणाचं तरी ऑफिस होते, मग भाड्याने जाते. तिचा वापर करारातच लिहा आणि तिची एक चावी समितीतल्या बायकांकडे ठेवा. नगरसेवकाचा किंवा पक्षाचा फलक इमारतीवर लावू देऊ नका. सत्ता बदलली की नवा माणूस फलकाबरोबर केअरटेकरही बदलायला येतो. माणूस बदलायचाच असेल तर सभा, ठराव आणि एक महिन्याची नोटीस.

दुसरं म्हणजे शेजारची वस्ती. त्यांचं शौचालय बंद पडलं की त्यांची रांग इथे येते. हाकलून दिलं तर रात्री दारं फुटतात. तात्पुरते पास ठरावीक मुदतीचे द्या आणि त्यांच्या शौचालयाच्या दुरुस्तीच्या अर्जावर तुमच्या संस्थेचीही सही करा. वॉर्ड ऑफिसात दोन वस्त्यांचे कागद एकत्र गेले की टेबल लवकर हलतं.

समिती बदलताना पुढच्यांच्या हातात द्यायचं ते एवढं: नोंदणीचं प्रमाणपत्र, शेवटच्या बदल अहवालाची पोच, करार, टाकीच्या झाकणांची आणि पाईप लाईनची हाताने काढलेली आकृती, शेवटच्या उपशाची तारीख, वीज-पाण्याचे ग्राहक क्रमांक, थकबाकीची वही आणि केअरटेकरच्या पगाराच्या सह्या. सगळं सभेत मोजून द्यायचं आणि घेणाऱ्याची सही घ्यायची.